प्ले स्टोअरवर ॲप एका फोनवर दिसतं, दुसऱ्यावर नाही: कारण कसं शोधायचं

‘तुमचं ॲप स्टोअरवर सापडत नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी कॅश पुसायला सांगतात, मग फोन बंद करून चालू करायला सांगतात. त्याने क्वचितच काही होतं, कारण दोष बहुधा फोनमध्ये नसतोच. गुगल प्ले प्रत्येक फोनला वेगळं दुकान दाखवतं. अँड्रॉइडची आवृत्ती, फोनमधलं हार्डवेअर, प्रोसेसरचा प्रकार, खात्याचा देश आणि ॲप कुठल्या ट्रॅकवर (चाचणीच्या की सर्वांसाठीच्या) सोडलंय, या एकापाठोपाठ एक लावलेल्या चाळण्या आहेत. एका चाळणीत ॲप अडकलं तरी ते त्या फोनपुरतं नाहीसं होतं, आणि डेव्हलपरला त्याची सूचना येईलच असं नाही. म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, ॲप नेमकं कुठल्या चाळणीत अडकलं ते ओळखण्याचं आहे.

तक्रार घेताना काय विचारायचं

पाच गोष्टी मागा: फोनचा पूर्ण मॉडेल क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती, प्ले स्टोअरच्या खात्याचा देश, ॲपची थेट लिंक उघडते का, आणि स्क्रीनवर जो संदेश दिसतो त्याचा स्क्रीनशॉट. मॉडेल क्रमांक ‘फोनविषयी’ या पानावरचाच घ्या, कारण बाजारात एकाच नावाने विकले जाणारे दोन फोन आतून वेगळे असू शकतात. एकात एनएफसी असतं, दुसऱ्यात नसतं.

स्क्रीनशॉटचा आग्रह धरा. ‘येत नाही’ या दोन शब्दांत पाच निरनिराळे आजार लपलेले असतात आणि संदेशाच्या शब्दांवरून ते वेगळे काढता येतात.

लिंक उघडली, इन्स्टॉलचं बटण आलं, पण नाव टाकून शोधल्यावर ॲप सापडत नाही: हा प्रश्न फक्त शोधाचा आहे. मॅनिफेस्टला, म्हणजे ॲपच्या परवानग्या आणि अटी लिहिलेल्या फाइलला, हात लावू नका.

‘हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं असल्याने तुमच्या डिव्हाइसवर उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश: टार्गेट एसडीके, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या ज्या आवृत्तीसाठी बनवल्याचं तुम्ही जाहीर केलंय तिचा आकडा, जुना झालाय.

‘तुमचं डिव्हाइस या आवृत्तीशी सुसंगत नाही’ अशा अर्थाचा संदेश: किमान एसडीके (ॲप ज्यावर चालतं ती सर्वांत जुनी आवृत्ती), हार्डवेअरची अट, प्रोसेसर किंवा तुम्हीच प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरच्या पानावर) वगळलेलं मॉडेल, यांपैकी काहीतरी.

‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’: देशांची यादी किंवा त्या माणसाच्या खात्याचा देश.

आयटम सापडलाच नाही, पान रिकामं: ॲप प्रकाशित झालेलं नाही, बंद चाचणीत आहे आणि समोरचा माणूस टेस्टर नाही, स्टोअरवरून काढलं गेलंय, किंवा लिंकमधलं पॅकेजचं नाव चुकलंय. पॅकेजच्या नावात लहान-मोठी अक्षरंसुद्धा वेगळी धरली जातात, हे लिंक हाताने टाइप करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

तक्रार करणाऱ्याला आणखी एक गोष्ट करायला सांगता येते. त्याच गुगल खात्याने संगणकाच्या ब्राउझरवर प्ले स्टोअर उघडा, ॲपच्या पानावर जा आणि इन्स्टॉल दाबा. खात्याला जोडलेल्या डिव्हाइसची यादी येते, आणि ज्या डिव्हाइसवर ॲप चालणार नाही त्याच्यापुढे तसं लिहिलेलं असतं. फोनवर ॲप नुसतं गायब असतं, इथे निदान काहीतरी कळतं.

नव्या फोनवर गायब, जुन्यावर व्यवस्थित

दोन-तीन वर्षं हात न लावलेल्या ॲपचा हा सर्वांत नेहमीचा आजार. कारण एकच: टार्गेट एसडीके.

पुढे सगळीकडे एपीआय पातळीचे, म्हणजे अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला दिलेल्या क्रमांकाचे, आकडे येतील, तेव्हा ते एकदा जुळवून घ्या. अँड्रॉइड ७.० म्हणजे २४, ८.० म्हणजे २६, ९ म्हणजे २८, १० म्हणजे २९, ११ म्हणजे ३०, १२ म्हणजे ३१, १३ म्हणजे ३३, १४ म्हणजे ३४, १५ म्हणजे ३५ आणि १६ म्हणजे ३६. मधला ३२ हा मोठ्या पडद्यांसाठी आलेल्या १२एल या आवृत्तीचा.

प्ले स्टोअरचा नियम दोन पदरी आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपला आणि जुन्या ॲपच्या अपडेटला टार्गेट ३५ किंवा वर लागतं, नाहीतर बंडल (स्टोअरवर चढवायची ॲपची फाइल) स्वीकारलंच जात नाही. आणि जे ॲप अपडेट न करता तसंच पडून आहे त्याचं टार्गेट निदान ३४ हवं. नसेल तर ॲपच्या टार्गेटपेक्षा वरच्या अँड्रॉइडवर नव्या वापरकर्त्यांना ते दिसत नाही. टार्गेट ३३ असलेलं ॲप अँड्रॉइड १३ वर आणि त्याखाली दिसेल; १४, १५, १६ वर दिसणार नाही. ही पट्टी दरवर्षी ऑगस्टअखेर वर सरकत आली आहे, त्यामुळे एकदा दुरुस्त केलं की कायमचं सुटलं असं समजू नका. घड्याळ आणि टीव्हीवरच्या ॲपना थोडी सैल पट्टी आहे. एखाद्या संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी कायमची खाजगी ठेवलेली ॲप या नियमातून सुटलेली आहेत.

‘नव्या वापरकर्त्यांना’ या शब्दांकडे नीट पाहा, कारण घोटाळा तिथेच होतो. ज्याने आधी कधी हे ॲप त्याच खात्यावर घेतलं होतं त्याला ते नव्या फोनवरही दिसतं आणि पुन्हा घेता येतं. डेव्हलपर, त्याचे सहकारी, जुने ग्राहक सगळे याच गटातले. म्हणून कार्यालयातल्या प्रत्येक फोनवर ॲप दिसतं आणि बाहेरच्या एकालाही सापडत नाही. तपासायचं असेल तर ज्या खात्यावर ॲप कधीच घेतलेलं नाही असं कोरं खातं वापरा, आणि ते अँड्रॉइड १५ किंवा १६ च्या फोनवर उघडा. ही एवढी चाचणी केली तर कित्येक दिवसांची शोधाशोध वाचते.

‘तोवर एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो’ हा मार्गही फार जुन्या ॲपना बंद झालाय. अँड्रॉइड १४ वर टार्गेट २३ च्या खालचं ॲप फाइलमधूनही बसत नाही, अँड्रॉइड १५ वर ही मर्यादा २४ आहे.

टार्गेटचा आकडा ग्रॅडल फाइलमध्ये (ॲप बांधण्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) बदलणं हे एका ओळीचं काम आहे. त्याबरोबर येणारे वर्तनातले बदल मात्र नाहीत. पायऱ्या एकेक करून चढा आणि प्रत्येक पायरीवर ॲप चालवून पाहा. ३१ वर जाताना ज्या ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस किंवा रिसीव्हरला इंटेंट-फिल्टर आहे त्या प्रत्येकाला ‘एक्स्पोर्टेड’ स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर अँड्रॉइड १२ वर ॲप बसतच नाही. पेंडिंग इंटेंटलाही बदलता येणारा की न येणारा ते सांगावं लागतं. ३३ वर सूचना दाखवण्यासाठी परवानगी मागावी लागते. ती मागायची राहिली तर ॲप चालतं पण सूचना गप्प होतात, आणि ही तक्रार महिनाभराने येते. ३४ वर प्रत्येक फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार जाहीर करावा लागतो, नाहीतर सर्व्हिस सुरू होताच ॲप कोसळतं. ३५ वर, अँड्रॉइड १५ चालवणाऱ्या फोनवर, ॲप पडद्याच्या कडेपर्यंत पसरतं. तळाची बटणं नेव्हिगेशन पट्टीखाली गेली तर कारण हेच.

नेटिव्ह लायब्ररी (सी++ सारख्या भाषेत लिहून थेट प्रोसेसरसाठी बांधलेले भाग) असतील तर आणखी एक गोष्ट आडवी येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा वरचं टार्गेट असलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना ६४-बिट फोनवर १६ केबीच्या मेमरी-पानांचा आधार द्यावा लागतो. असा कोड बांधणाऱ्या एनडीके या साधनाची २८ वी आवृत्ती लायब्ररी आपोआप तशी बांधते. दुसऱ्याने बांधून दिलेली जुनी .एसओ फाइल असेल तर मात्र त्याच्याकडूनच नवी मागवावी लागते, आणि त्यात आठवडे जातात. हे काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. टार्गेटच्या नियमासाठी मुदतवाढ कन्सोलमधून मागता येते, आजवर ती साधारण १ नोव्हेंबरपर्यंत मिळत आली आहे, पण अर्ज केला तरच.

मॅनिफेस्टमध्ये कमाल एसडीके लिहिलेला असेल तरी नवा फोन गळतो. तो काढून टाका. आज या ओळीचा चांगला उपयोग जवळजवळ कुठेच उरलेला नाही.

जुन्या फोनवर गायब, नव्यावर व्यवस्थित

इथे किमान एसडीके पाहायचा. फोनची पातळी त्याखाली असेल तर ॲप दिसत नाही, आणि ते रास्तच आहे. प्रश्न येतो तो आकडा तुमच्या नकळत वर जातो तेव्हा. ॲप बनवण्याच्या रिॲक्ट नेटिव्ह या चौकटीच्या ०.७६ आवृत्तीने किमान पातळी २४ केली, म्हणजे चौकटीची आवृत्ती वाढवली की अँड्रॉइड ६ चे सगळे फोन सुटतात. फ्लटरमध्ये ग्रॅडल फाइलमधला किमान एसडीकेचा आकडा चौकटीकडूनच येत असेल तर फ्लटर अद्ययावत करतानाही तेच होऊ शकतं. अँड्रॉइडएक्सच्या नव्या लायब्ररींनी २१ वरून २३ वर उडी घेतली आहे. मॅनिफेस्टमध्ये काय लिहिलंय ते पाहून उपयोग नाही, कारण ग्रॅडलमधला आकडा त्याच्यावर मात करतो. प्ले कन्सोलमध्ये ‘ॲप बंडल एक्स्प्लोरर’ उघडा आणि प्रत्यक्ष चढवलेल्या बंडलचा किमान व टार्गेट आकडा तिथून वाचा.

एखादी लायब्ररी तुमच्यापेक्षा वरची पातळी मागते तेव्हा बिल्ड थांबतं, आणि इंटरनेटवर ‘टूल्स:ओव्हरराइडलायब्ररी’ लिहायचा सल्ला मिळतो. त्याने बिल्ड पुढे जातं, ॲप जुन्या फोनवर दिसतंही, आणि ती लायब्ररी वापरली जाताच कोसळतं. वापरकर्त्याच्या दृष्टीने न दिसणारं ॲप यापेक्षा बरं. ओव्हरराइड लिहायचंच असेल तर त्या लायब्ररीकडे जाणारा प्रत्येक रस्ता आवृत्ती तपासून बंद करा.

जुने फोन खरंच सोडायचे नसतील तर आधीचं बंडल टाकून देऊ नका. नवं रिलीज तयार करताना मागच्या रिलीजमधली बंडलं ‘समाविष्ट नाही’ या यादीत गेलेली दिसतात. तिथून हवं ते परत समाविष्ट करता येतं. नव्या बंडलचा किमान एसडीके २४ आणि जुन्याचा २१ असेल तर प्ले स्टोअर प्रत्येक फोनला त्याच्यावर चालणाऱ्यांतलं सर्वांत मोठ्या व्हर्जन कोडचं (बंडलच्या अनुक्रमांकाचं) बंडल देतं. त्यामुळे नव्याचा व्हर्जन कोड मोठा हवाच. उलटं झालं, म्हणजे जुन्या फोनसाठी केलेल्या दुरुस्तीला मोठा कोड मिळाला, तर तेच बंडल नव्या फोननाही जातं आणि खरं नवं बंडल झाकलं जातं. दोन्ही ओळी चालू ठेवायच्या असतील तर व्हर्जन कोडांत आधीच अंतर ठेवा: जुन्या ओळीला १०००००, नव्याला २०००००, असं काहीतरी. कमाल मर्यादा २१०००००००० आहे, तेव्हा जागा भरपूर आहे. पण तारीख आणि वेळ जोडून कोड बनवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आवृत्ती सारखीच, तरी एकावर दिसतं आणि एकावर नाही

हा भाग सर्वांत फसवा आहे, म्हणून इथे एक उदाहरण सविस्तर पाहू.

समजा किराणा दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं ॲप आहे. त्यात बिलाचा फोटो काढता येतो आणि गिऱ्हाइकाच्या नावावर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. मॅनिफेस्टमध्ये कॅमेरा आणि ‘कॉल फोन’ अशा दोन परवानग्या आहेत, बाकी काही नाही. अँड्रॉइड १४ च्या फोनवर ॲप दिसतं. त्याच अँड्रॉइड १४ वर चालणाऱ्या, फक्त वायफाय असलेल्या टॅबलेटवर दिसत नाही. गल्ल्यावर टॅबलेट ठेवणारा दुकानदार तर याचा खरा गिऱ्हाईक.

कारण असं की ‘कॉल फोन’ ही परवानगी मागितली की प्ले स्टोअर गृहीत धरतं, या ॲपला टेलिफोनीचं हार्डवेअर अनिवार्य आहे. सिम नसलेल्या टॅबलेटमध्ये ते नाही, म्हणून ॲप लपतं. एसएमएस वाचणं, घेणं, पाठवणं या परवानग्याही टेलिफोनीच गृहीत धरायला लावतात. कॅमेऱ्याच्या परवानगीतून मागचा कॅमेरा आणि ऑटोफोकस या दोन अटी निघतात. फक्त पुढचा कॅमेरा असलेलं क्रोमबुक तिथे अडतं. ध्वनिमुद्रणाच्या परवानगीतून मायक्रोफोनची, ब्लूटूथच्या परवानगीतून ब्लूटूथची आणि अचूक स्थानाच्या परवानगीतून लोकेशनची अट येते. यातली एकही ओळ तुम्ही लिहिलेली नसते.

उपाय दोन. पहिला, परवानगीच टाळणं: थेट फोन लावण्याऐवजी डायलर क्रमांकासह उघडून दिला तर परवानगी लागत नाही, अट आपोआप जाते, आणि दुकानदाराला फक्त एक बटण जास्त दाबावं लागतं. जमत असेल तिथे हाच उपाय करा. दुसरा, अट ऐच्छिक करणं: मॅनिफेस्टमध्ये ‘यूजेस-फीचर’ची ओळ घालून अँड्रॉइड.हार्डवेअर.टेलिफोनी या नावापुढे रिक्वायर्ड=फॉल्स लिहायचं. कॅमेऱ्यासाठी तशाच दोन ओळी: एक अँड्रॉइड.हार्डवेअर.कॅमेरा, दुसरी अँड्रॉइड.हार्डवेअर.कॅमेरा.ऑटोफोकस. दुसरी ओळ विसरली जाते आणि मग ‘फॉल्स लिहिलं तरी टॅबलेट येत नाही’ असं होतं. प्रत्यक्ष फाइलमध्ये ही सगळी नावं अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायची. अट ऐच्छिक केली की कोडमध्ये ‘हॅज-सिस्टम-फीचर’ने हार्डवेअर आहे का ते पाहूनच बटण दाखवायचं. नाहीतर ॲप दिसेल, पण बटण दाबल्यावर कोसळेल.

इतकं करूनही अट टिकून राहिली तर एखादी लायब्ररी ती आणतेय. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघडून खालचा ‘मर्ज्ड मॅनिफेस्ट’ टॅब दाबा. कुठली ओळ कुठल्या लायब्ररीतून आली ते उजवीकडे दिसतं. इथे एक नियम माहीत असायलाच हवा: रिक्वायर्डच्या बाबतीत ट्रू जिंकतं. तुम्ही फॉल्स लिहिलं आणि लायब्ररीने ट्रू लिहिलं तर अंतिम उत्तर ट्रू. त्यावर मात करायला त्या ओळीत ‘टूल्स:रिप्लेस’ला ‘अँड्रॉइड:रिक्वायर्ड’ ही किंमत द्या. ‘टूल्स:नोड=रिमूव्ह’ने ओळ काढून टाकणं पुरत नाही, कारण परवानगी शिल्लक असेल तर गृहीत धरलेली अट पुन्हा उगवते.

अंतिम बांधणीत काय उरलं ते खात्रीने पाहायचं असेल तर बंडलटूलच्या ‘बिल्ड-एपीकेज’ आदेशाला युनिव्हर्सल मोड देऊन एकच एपीके काढा आणि त्याच्यावर ‘एएपीटी२ डम्प बॅजिंग’ चालवा. उत्तरात ‘यूजेस-इम्प्लाइड-फीचर’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे गृहीत धरलेल्या अटी, आणि त्या का धरल्या तेही शेजारीच लिहिलेलं असतं. फोनच्या बाजूने, फोन संगणकाला जोडून चालवलेली ‘एडीबी शेल पीएम लिस्ट फीचर्स’ ही आज्ञा त्या फोनमध्ये असलेली सगळी हार्डवेअर वैशिष्ट्यं छापते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की जे पहिलीत आहे आणि दुसरीत नाही तेच कारण.

स्वस्त फोनबद्दल आवर्जून सांगायचं ते हे: होकायंत्र, जायरोस्कोप आणि एनएफसी त्यांच्यात बऱ्याचदा नसतात. घराची दिशा दाखवणाऱ्या ॲपला होकायंत्र अनिवार्य ठरवणं योग्य. पण एका कोपऱ्यात होकायंत्र दाखवणाऱ्या पंचांगाच्या ॲपने तसं केलं तर ज्यांच्यासाठी ते बनवलं त्यांच्याच फोनवर ते पोहोचणार नाही.

टीव्हीचं थोडक्यात. स्पर्शपडदा ही अट न लिहिताही अनिवार्य धरली जाते, तेव्हा ती ऐच्छिक करा, लीनबॅक लाँचरचा इंटेंट आणि बॅनर द्या, आणि कन्सोलमध्ये टीव्ही हा प्रकार स्वतंत्रपणे चालू करा. घड्याळालाही कन्सोलमधली वेगळी संमती लागते.

प्रोसेसर

१ ऑगस्ट २०२१ पासून फक्त ३२-बिट नेटिव्ह कोड असलेलं ॲप ६४-बिट फोनना दिलं जात नाही. २०२२ मधला पिक्सेल ७ तर ३२-बिट ॲप चालवतच नाही. बंडल अँड्रॉइड स्टुडिओच्या ‘ॲनालाइझ एपीके’ने उघडा आणि लिब या फोल्डरमध्ये पाहा: आर्म६४-व्ही८ए आणि आर्मइएबीआय-व्ही७ए हे दोन्ही हवेत, आणि दोन्हींत फाइलींची संख्या सारखी हवी. एका फोल्डरमध्ये सात आणि दुसऱ्यात सहा असतील तर ॲप स्टोअरवर दिसेल, बसेल, आणि त्या सातव्या फाइलीची गरज पडताच बंद पडेल.

आकार कमी करण्याच्या नादात ३२-बिट फोल्डर काढून टाकू नका. अँड्रॉइड गो चालवणाऱ्या कित्येक फोनमध्ये प्रोसेसर ६४-बिट असला तरी त्यावरची प्रणाली ३२-बिट असते. प्रोसेसरचं नाव पाहून निष्कर्ष काढला तर चुकतो. ‘एडीबी शेल गेटप्रॉप’ला आरओ.प्रॉडक्ट.सीपीयू.एबीआयलिस्ट हे नाव देऊन फोनलाच विचारा. बंडल वापरताय तर प्रत्येक फोनला त्याच्यापुरताच भाग जातो, त्यामुळे दोन्ही ठेवल्याने डाउनलोड वाढत नाही.

कन्सोलमध्ये कारण कुठे लिहिलेलं असतं

‘डिव्हाइस कॅटलॉग’ हे पान फार कमी लोक उघडतात, आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात. मॉडेलचं नाव टाका; ते आधार असलेलं, आधार नसलेलं की वगळलेलं ते दिसतं. आधार नसेल तर कुठली अट जुळली नाही ते त्याच पानावर असतं. वगळलेलं असेल तर तुमच्याच गटातल्या कोणीतरी कधीतरी ते मॉडेल, अमुक रॅमखालचे फोन, एखादा चिपसेट किंवा प्ले इंटिग्रिटीच्या (फोनमध्ये छेडछाड झालीय का ते पाहणाऱ्या) तपासणीत न उतरणारे फोन वगळण्याचा नियम लावलाय. जुन्या क्रॅशवर तात्पुरता उपाय म्हणून लावलेले असे नियम क्रॅश सुटला तरी तसेच राहतात. सगळे नियम वाचा आणि ज्याचं कारण कोणालाच सांगता येत नाही तो काढा.

वगळलं नसलं तरी एखाद्या मॉडेलवर ॲप मागे पडू शकतं. एकाच मॉडेलवर दररोजच्या वापरकर्त्यांपैकी ८ टक्क्यांहून जास्त जणांना क्रॅश किंवा ॲप गोठण्याचा अनुभव येत असेल तर प्ले स्टोअर त्या मॉडेलवर ॲपची दृश्यता कमी करू शकतं आणि पानावर इशाराही दाखवू शकतं. सर्व मॉडेल मिळून ही मर्यादा क्रॅशसाठी १.०९ टक्के आणि गोठण्यासाठी ०.४७ टक्के आहे.

मग ट्रॅक. अंतर्गत चाचणीत जास्तीत जास्त १०० टेस्टर घेता येतात, आणि टेस्टरने लिंकवर जाऊन होकार दिल्याशिवाय त्याला काहीच दिसत नाही. होकार देणारं खातं आणि फोनच्या प्ले स्टोअरमध्ये निवडलेलं खातं वेगळं असणं ही इथली नेहमीची चूक. बंद चाचणीतलं ॲप नाव टाकून सापडत नाही. ते तसंच असायला हवं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना प्रॉडक्शनचा (सर्वांसाठी प्रकाशनाचा) अर्ज करण्याआधी १२ टेस्टरसह सलग १४ दिवस बंद चाचणी चालवावी लागते, त्यामुळे ‘रिलीज केलं पण कोणालाच दिसत नाही’ म्हणणाऱ्या नवख्याचं ॲप बहुधा अजून चाचणीतच असतं. ‘पब्लिशिंग ओव्हरव्ह्यू’ही पाहा: मॅनेज्ड पब्लिशिंग चालू असेल तर मंजुरी मिळूनही तुम्ही स्वतः प्रकाशित केल्याशिवाय काही बाहेर पडत नाही.

देश

प्ले स्टोअरचा देश सिमवरून किंवा तुम्ही आज कुठे आहात त्यावरून ठरत नाही, तो खात्याच्या प्रोफाइलमध्ये असतो. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या मुलीचं जुनं खातं भारताचं असेल तर तिला भारतापुरतं प्रकाशित झालेलं ॲप तिथेही दिसू शकतं. तिथे नवं खातं काढलेल्या तिच्या नवऱ्याला दिसणार नाही. देश वर्षातून एकदाच बदलता येतो, नव्या देशातलं पैसे भरण्याचं साधन लागतं, आणि जुन्या देशातली प्ले शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. म्हणून एका ॲपसाठी वापरकर्त्याला देश बदलायला सांगू नका. तुमच्या ॲपला कायद्याने किंवा पैशाच्या व्यवहाराने बंधन नसेल तर प्रॉडक्शनच्या देशांच्या यादीत बाकीचे देश तुम्हीच जोडा. दिवाळी अंक, पंचांग, पाककृती अशी ॲप फक्त भारतापुरती ठेवायला काही कारण नाही. त्यांचा वाचक दुबईत आणि लंडनमध्येही आहे.

लिंक उघडते, शोधात नाही

नव्या ॲपला शोधात यायला वेळ लागतो, तेव्हा पहिले काही दिवस थेट लिंक वाटा. नाव सामान्य शब्दांचं असेल तर वर येणं अवघडच. ॲपच्या नावाला ३० अक्षरं मिळतात, छोट्या वर्णनाला ८०, पूर्ण वर्णनाला ४०००. स्टोअरच्या पानाला मराठी भाषांतर जोडण्याची सोय आहे आणि ती वापराच: लोक ‘उधारी’ देवनागरीतही टाइप करतात आणि रोमनमध्येही. मूळ पानावर एक लिपी आणि मराठी पानावर दुसरी ठेवली तर दोन्ही शोधांना जागा मिळते.

फोनच्याच बाजूचं काही

वरचं सगळं पाहून झाल्यावरच फोनकडे वळा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘विषयी’ या भागात ‘प्ले प्रोटेक्ट प्रमाणन’ पाहा. फोन प्रमाणित नसेल तर काही ॲप त्याला कधीच दिसणार नाहीत. पालक नियंत्रण चालू असेल तर वयोगटाबाहेरची ॲप लपतात. कंपनीने दिलेल्या वर्क प्रोफाइलमध्ये फक्त कंपनीने मंजूर केलेली ॲप येतात. तीच व्यक्ती वैयक्तिक प्रोफाइलमध्ये शोधेल तर ॲप सापडेल. अँड्रॉइड नुकतंच अद्ययावत झालं असेल आणि स्टोअर अजून जुनीच आवृत्ती धरून बसलं असेल, तर प्ले स्टोअरची कॅश आणि साठवण पुसणं इथे खरोखर उपयोगी पडतं.

दुरुस्तीचं बंडल चढवलं की रिलीजच्या पूर्वदृश्यात आधार असलेल्या डिव्हाइसची संख्या मागच्या रिलीजशी ताडून पाहा. संख्या घटली तर कुठली मॉडेलं गेली ती यादी तिथे उघडते. ती वाचल्याशिवाय रिलीज बाहेर सोडू नका. मग तक्रारकर्त्याचा मॉडेल क्रमांक डिव्हाइस कॅटलॉगमध्ये टाका, तो आधार असलेल्यांत आल्याची खात्री करा, प्रकाशनानंतर काही तास जाऊ द्या, आणि कोऱ्या खात्याने थेट लिंक उघडून इन्स्टॉलचं बटण येतंय का ते पाहा.